नातीच्या वाट्याचा शब्द

मुलीच्या बाळंतपणासाठी मी ओहायोतल्या डब्लिनहून न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला गेले, तेव्हा माझ्या दोन बॅगांपैकी एक निव्वळ डिंक, अळीव, सुंठ, खसखस, बाळंतशेपा आणि ओव्याने भरलेली होती. माझा सगळा जन्म हॉस्पिटलात भूल देण्यात गेला, त्यामुळे अळिवाच्या खिरीने दूध वाढतं की नाही यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. माझ्या आईने मला खाऊ घातलं, मी माझ्या मुलीला घालणार, एवढाच माझा मुद्दा. हे घरीच थांबले होते. टोमॅटोंना पाणी कोण घालणार, असं त्यांचं म्हणणं होतं. बाळंतिणीच्या घरात पुरुषाची अडचणच होते, म्हणून मीही आग्रह केला नाही.

दार विहीणबाईंनी उघडलं. माझा जावई चिनी आहे आणि त्याची आई माझ्या आधीच फुज्यानहून येऊन दाखल झाली होती. स्वयंपाकघराचा ताबा तर तिने केव्हाच घेतला होता. शेगडीवर मोठ्या पातेल्यात आलं, तिळाचं तेल आणि तांदळाची लाल दारू घालून कोंबडी रटरटत होती. तिने माझी बॅग हक्काने उघडली, एकेक पुडी नाकाशी नेली आणि सुंठीशी आल्यावर मोठ्याने हसली. मग तिने तिचा डबा उघडून माझ्या नाकाशी धरला. त्यातही सुंठच होती.

पुढचे काही दिवस मी थक्क होण्याचंच काम केलं. बाळंतिणीने थंड पाण्याला हात लावायचा नाही, हा माझा नियम. तिचाही तोच. डोकं बांधायचं, कानात वारं जाऊ द्यायचं नाही, महिनाभर उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही. मी रुमाल घेऊन मुलीच्या खोलीत जायचे, तर तिचं डोकं आधीच बांधलेलं असायचं. एवढा हिमालय मधे उभा. त्याच्या अल्याडच्या आणि पल्याडच्या बायकांनी हे एकमेकींना कधी सांगितलं असेल? की कोणीच कोणाला सांगितलं नाही आणि दोन्हीकडच्या आयांना ते आपलं आपण सुचलं? मुलगी कपाळाला हात लावून म्हणायची, "आई, देअर आर टू ऑफ यू नाऊ!"

आम्हां दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मधे फोनवरचं ते भाषांतराचं ॲप होतं. ती चिनीत बोलायची आणि फोन बातम्या द्यायच्या सुरात शुद्ध मराठीत मला ऐकवायचा. त्याने मला पहिल्याच दिवशी "सासूबाई" म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी जावयाला विचारलं, ही बाई मला सासू का करून ठेवते आहे? तो म्हणाला, आमच्याकडे मुलाच्या सासूला आईने काय म्हणायचं याचा वेगळा शब्द आहे, ॲपला तो जमत नाही. म्हणजे विहीण! इतकी वर्षं मी अमेरिकेत विहिणीची ओळख "माझ्या मुलीच्या नवऱ्याची आई" अशी लांबण लावून करून देत होते. ज्या भाषेत विहिणीला शब्द आहे, त्या भाषेतल्या माणसांचं आणि आपलं जमणार, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

माझ्या मुलीला मात्र तसं वाटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. मुलगी झाली होती.

शेजारी एक अमेरिकन बाई राहते. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेली, स्वभावाने अतिशय प्रेमळ. ती भाज्या घातलेला पास्ता घेऊन आली आणि निघताना ड्राइव्हवेवर आवाज खाली आणून मला म्हणाली, "आजीबाईंनी कसं घेतलं? मुलगी झाली ते?" मी म्हटलं, कसं घेणार, हातात घेतलं. ती हसली नाही. तिने मला समजावून सांगितलं की चिनी समाजात मुलगी नकोशीच असते. बाईने आधी बापाचं ऐकायचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. बायकांना तर तिथे स्वतःचं नावसुद्धा नसायचं, आणि हे हजारो वर्षांत बदललेलं नाही. वर्गात ती हे वर्षानुवर्षं शिकवत आली होती. तिच्या डोळ्यांत खरोखरची काळजी होती, म्हणून तर मला जास्त राग आला.

माझ्या लग्नाबद्दलही लोकांनी मला असंच, याच आवाजात विचारलेलं आहे. नवऱ्याला आधी पाहिलं होतंस का, हुंडा किती दिला, सती अजून जातात का. एका अख्ख्या खंडाएवढ्या देशाला एका वाक्यात बसवायचं आणि वर हजारो वर्षांचा शिक्का मारायचा, ही खोड मला ओळखीची आहे. पण तिला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि मीच गप्प झाले. आपल्याकडे सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ती पाटी का लावावी लागते, हे मला ठाऊक होतं. तिचं बोलणं साफ खोटं असतं तर बरं झालं असतं. ते अर्धवट होतं, आणि अर्धवटाला उत्तर देणं जड जातं.

दारात माझी मुलगी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

त्या दिवसापासून ती सासूवर नजर ठेवू लागली, आणि नजर ठेवली की पुरावा सापडतोच. सासू बाळाला "कुत्रं" म्हणते. जावयाने हे भाबडेपणाने सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, अगं, दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात, आपल्याकडे दगडू आणि धोंडू काय उगाच झाले? तिने मान उडवली. सासू बाळाचं नाव घेत नाही. आम्ही मराठी नाव ठरवलं होतं, जन्मदाखल्यावर तेच गेलं होतं. चिनी नाव आजीने द्यायचं होतं, पण विचारलं की ती म्हणायची, "थांबा." जावई म्हणाला, "मुलगा असता तर अर्धं नाव आधीच ठरलेलं असतं." नवरे कोणत्याही देशातले असोत, नको तिथे नको ते खरं बोलायची त्यांची हातोटी सारखीच.

आणि ते फोन. संध्याकाळी जेवणं आटोपली की विहीणबाई गॅरेजात जाऊन बसायच्या. बाळ उठू नये म्हणून गाडीत, पुढच्या सीटवर, दारं लावून. त्यांच्याकडे तेव्हा सकाळ झालेली असायची. बंद काचांमधूनही आवाज यायचा. ती बाई ओरडत असायची, हात आपटत असायची, मधूनच हुंदका दिल्यासारखी थांबायची. आत आली की तोंड एवढंसं करून बाळाच्या कपड्यांच्या घड्या करायला घ्यायची. जावयाला विचारलं तर म्हणाला, "कोणाशी तरी गावाकडे बोलते. मला अर्धंच कळतं." मुलगा वाढला शांघायमध्ये, आईची बोली फुज्यानच्या डोंगरातल्या एका गावाची. तिकडे म्हणे एक खोरं ओलांडलं की बोली बदलते. इथे लोक मला सहज विचारतात, तुझा जावई "चायनीज" बोलतो ना? बोलतो की, पण त्याला स्वतःच्या आईचं भांडण समजत नाही.

मुलीला मात्र सगळं समजलं होतं. "शी इज टेलिंग देम शी गॉट अ गर्ल," ती म्हणाली आणि बाळाला छातीशी धरून भिंतीकडे वळली.

मग बारसं आलं. घर छोटं, बाळंतीण ओली, म्हणून ओळखीतली मोजकीच मराठी कुटुंबं बोलावली. मी घुगऱ्या केल्या. पाळणा सजवला. पाळणा म्हणजे चाकांची जाळीदार टोपली, पण झेंडूच्या माळा घातल्यावर तिलाही तेज आलं. आत्या नव्हती, तेव्हा असं ठरवलं होतं की मराठी नाव मी कानात सांगायचं आणि चिनी नाव विहीणबाईंनी. मी माझं काम केलं, कुर्र केलं, सगळ्यांनी माझ्या पाठीत धपके घातले, हशा झाला. मग मी विहीणबाईंचा हात धरून त्यांना पुढे आणलं.

त्या पाळण्याशी आल्या. बाळाकडे खूप वेळ बघितलं. मग दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मान हलवली. नाही.

जावई हळूच काहीतरी म्हणाला. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि एकच शब्द बोलल्या. तो एव्हाना आम्हां सगळ्यांना पाठ झाला होता. थांबा. कोणीतरी उगाचच घुगऱ्या वाटायला घेतल्या. एक काकू मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "जाऊ दे गं, त्यांच्यात असतं तसं." मला त्या काकूंचाही राग आला.

पाहुणे गेल्यावर मुलीने खोलीचं दार लावून घेतलं. "आई, आय अ‍ॅम डन," ती म्हणाली, आणि बाकीचं सगळं ती इंग्रजीतच बोलली, न रडता, अगदी कोर्टात बोलल्यासारखी. ती पेटंटची वकील आहे. सासूचं तिकीट बदलायला तिने नवऱ्याला सांगितलं होतं. येत्या शनिवारी त्यांनी परत जावं. माझ्या मुलीला पाहून हात मागे घेणारं माणूस मला या घरात नको. आज बाळाला काही समजत नाही, पण उद्या समजेल. त्याआधीच हे संपलेलं बरं.

"आणि तो?" मी विचारलं.

"ही सेड ओके," ती म्हणाली आणि आता मात्र रडली.

मी बाहेर येऊन जिन्यावर बसले. ही बाई अशी गेली तर परत येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. जावई दोघींच्या मधे आयुष्यभर फाटत राहील. आणि नातीला एक आजी कमी होईल, का ते तिला कोणी धड सांगूही शकणार नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंट झोपेतून का उठत नाही हे कळेपर्यंत मी टेबलाजवळून कधी हललेली नाही. मी उठले आणि गॅरेजात गेले.

ती गाडीतच होती, फोन नुकताच ठेवलेला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं, आणि ॲपमध्ये सरळ बोलले, "शनिवारी तुम्हाला परत पाठवणार आहेत. मुलगी झाली म्हणून तुम्ही नाराज आहात, असं माझ्या मुलीला वाटतं. खरं काय ते मला सांगा."

फोनने ते चिनीत ऐकवलं. तिने डोळे विस्फारले, आणि मग कपाळावर हात मारून घेतला, अगदी आपल्यासारखा. मग तिने फोन बाजूला ठेवला, डॅशबोर्डवर बोट टेकवलं आणि बोटाने ठेका धरत काहीतरी म्हणू लागली. एका ठेक्याला एक शब्द. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण पाठांतराचा सूर कुठल्याही भाषेत ओळखू येतो. लहानपणी दिवेलागणीला आम्ही परवचा म्हणायचो, तसाच. मधे एका शब्दाशी ती थांबली, छातीवर हात ठेवून "माझा नवरा" असं खुणेने सांगितलं. पुढच्या शब्दावर घराकडे बोट दाखवलं: मुलगा. त्याच्या पुढच्या शब्दावर तिने दोन्ही हातांचा पाळणा केला.

मग ॲपमधून, तुकड्यातुकड्याने, तिने मला सांगितलं.

तिच्या नवऱ्याच्या कुळातल्या एका पूर्वजाने, कित्येक शतकांपूर्वी, वीसेक शब्दांची एक कविता करून ठेवली. कविता वाचण्यासाठी नव्हती, जगण्यासाठी होती. पहिल्या पिढीत जन्मलेल्यांच्या नावात कवितेतला पहिला शब्द घालायचा, दुसऱ्या पिढीच्या नावात दुसरा, आणि असंच पुढे. तिच्या सासऱ्यांच्या पिढीचा शब्द "निष्ठा" या अर्थाचा. नवऱ्याच्या पिढीचा "उजेड". माझ्या जावयाच्या नावात "सातत्य" आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दोन अनोळखी माणसं जगात कुठेही भेटली तरी नावावरून त्यांना कळतं की आपण एका घरचे आहोत आणि आपल्यात काका कोण आणि पुतण्या कोण. कविता संपत आली की कुळातली मंडळी जमून पुढची रचतात.

आपल्याकडेही गोत्र आहे, तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यायांच्या वह्या आहेत, पण असं काही मी ऐकलं नव्हतं. एक माणूस बसतो आणि अजून न जन्मलेल्या, आपण कधीच पाहणार नाही अशा माणसांना एकेक शब्द वाटून देतो. मग ती माणसं शेकडो वर्षं एकामागून एक जन्माला येऊन ती कविता पुरी करतात. मी डॉक्टरकीत पुष्कळ चमत्कार पाहिले, पण माझ्या अंगावर असा काटा क्वचितच आला असेल.

ती लहान असताना सासरच्या गावातली वंशावळ अंगणात जाळली गेली. जुनं सगळं जाळायचेच ते दिवस होते. पुढे वारं फिरल्यावर ती पुन्हा लिहायची ठरली, तेव्हा म्हाताऱ्यांनी जिवंत माणसांना पिढीप्रमाणे मांडलं आणि त्यांच्या नावांतूनच कविता परत वाचून काढली. पण मधल्या एका पिढीचे पुरुष समुद्रापार गेले होते, तिथेच संपले होते. त्यांच्या शब्दाशी सगळे अडले. तेव्हा बांबूचे कोंब सोलत बसलेल्या तिच्या सासूने तोंड वर न करता तो शब्द सांगितला. तिने तो तिच्या सासूकडून ऐकला होता. पोरांना जेवायला हाका मारणाऱ्या बायका. त्यांना सगळी कविता पाठ.

"आणि त्या बायका स्वतः कवितेत नव्हत्या," फोन शुद्ध मराठीत म्हणाला.

कारण मुलींना शब्द मिळायचा नाही. मुलगी दुसऱ्या घरी जाणार. म्हणजे शेजारीण म्हणाली ते तेवढ्यापुरतं खरं होतं. पण हजारो वर्षांत काही बदललं नाही म्हणाली, ते मात्र साफ चूक. नदीच्या खालच्या अंगाच्या गावांनी मुलींनाही शब्द द्यायला सुरुवात केली होती. तिच्या गावाने अजून नाही. वंशावळ सध्या पुन्हा नव्याने लिहिली जात होती, आणि तिचे मोठे चुलतदीर तिथे मुख्य होते. गेले कित्येक दिवस ती रोज सकाळी, त्यांच्या सकाळी, त्या माणसाशी भांडत होती. दीर म्हणायचे, मुलगी, त्यात परदेशात जन्मलेली, त्यात परकी आई, शब्द फुकट जाईल. ती म्हणायची, वंशावळ जळाली तेव्हा शब्द कोणी सांभाळला ते विसरलात काय?

"बारशाला काहीतरी नाव का नाही दिलंत?" मी विचारलं.

"दुसरं नाव कानात सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, झालं ना, नाव मिळालं, आता विषय संपला. मला दुसरं नको. तिचं तिला पाहिजे." मुलाला सांगितलं नाही, कारण तो म्हणाला असता, सोड गं आई, गावातलं राजकारण. आणि काम होण्याआधी बोललं तर ते फिसकटतं. हे शेवटचं कारण मला लगेच पटलं.

"तिचा शब्द कोणता?"

फोन म्हणाला, "दूर."

त्या कुठल्याशा डोंगरगावातल्या पूर्वजाला न्यू जर्सी माहीत असायचं कारण नाही. मला भरून आलं. मी त्या बाईचा हात धरला.

मुलीला मी सगळं सांगितलं तेव्हा तिने आधी विश्वासच ठेवला नाही. मग तिच्यातली वकील जागी झाली. "वेट. शी हॅज बीन आर्ग्युइंग अ केस? फॉर हर?" ती बाळाला घेऊन उठली, महिना व्हायच्या आत पायात चपला न घालता गार फरशीवरून खाली गेली. आम्ही दोघी आज्या एकदम ओरडलो, तिने दोघींकडे दुर्लक्ष केलं. सासूसमोर उभी राहून तिने नवऱ्याला भाषांतर करायला लावलं. "तिला विचार, ते नाहीच म्हणाले तर?"

सासूने ऐकून घेतलं. मग बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं आणि म्हणाली, "मग तो शब्द मी देणारच. ज्याला काढून घ्यायचा असेल त्याने इथे यावं."

जावई हे सांगता सांगता मधेच थांबला. आपल्या आईला आपण पहिल्यांदाच बघतो आहोत, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलीने सासूच्या खांद्यावर कपाळ टेकलं. विहीणबाईंना मिठी मारायची सवय नाही, त्या हात लांब ठेवून ताठ उभ्या राहिल्या, आणि मग एका हाताने तिच्या डोक्याचा रुमाल घट्ट बांधू लागल्या. शनिवारचं तिकीट त्याच रात्री कॅन्सल केलं.

आता गॅरेजात बसायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून पुढचा फोन स्वयंपाकघरात आला. पडद्यावर बंडी घातलेला एक हडकुळा म्हातारा दिसला. मागे लाल खांब, आणखी दोघं-तिघं म्हातारे, टेबलावर चहाचे पेले. विहीणबाईंनी बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं. माझ्या मुलीने नवऱ्याकडून घोकून घेतलेलं, मोठ्या काकांना करायचं अभिवादन तोडक्यामोडक्या उच्चारात म्हटलं. म्हातारा चष्मा वर करून बघत राहिला. विहीणबाई आज ओरडल्या नाहीत. त्यांनी ती कविता पहिल्यापासून म्हटली, एकेक शब्द सावकाश, आणि "दूर" आला तिथे गप्प राहिल्या.

म्हाताऱ्याने चहाचा घोट घेतला. मागच्या माणसांकडे बघितलं. होकार असा कोणी दिलाच नाही. त्याने पेन उचललं आणि विचारलं, "आईचं नाव?"

जावयाने खुर्चीचा हात घट्ट धरलेला मी पाहिला. पूर्वी सुनेचं नुसतं माहेरचं आडनाव लिहायचे. आता पूर्ण नाव. मुलीने स्वतःचं नाव सांगितलं, अक्षर न् अक्षर नीट. पुढचा प्रश्न ठरलेला होता: ती कोणाची मुलगी? वडिलांचं नाव झालं. तेवढ्यावर म्हातारा पुढे निघाला होता, पण विहीणबाईंनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या. आईचंही लिहा.

मी माझं नाव सांगितलं. माझ्या लायसन्सवर आहे तेच.

विहीणबाई थबकल्या. "हे आडनाव तर तुमच्या नवऱ्याचं." त्यांनी स्वतःचं आडनाव कधीच बदललेलं नव्हतं. त्यांच्या आईनेही नाही. तिकडे कोणीच बदलत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे लग्नात बदलतात. आडनाव बदलतात आणि नावही. नवरामुलगा ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहितो. ह्यांनी माझं फार हौसेने निवडलं होतं आणि मलाही ते आवडलं होतं, हेही मी सांगितलं.

ॲपने ते वाचून दाखवलं. ॲप चुकलं असेल असं वाटून त्यांनी मुलाला पुन्हा विचारायला लावलं. "नावसुद्धा?" मी म्हटलं, नावसुद्धा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला एकदम हसू आलं.

"आईने ठेवलेलं सांगा," त्या म्हणाल्या.

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ मला ताई म्हणतात. ते नाव हाक म्हणून या जगात उरलेलंच नव्हतं. माझ्या मुलीने ते जुन्या सर्टिफिकेटवर एकदा वाचलं होतं, बस्स. मी ते सांगितलं, आणि माझाच आवाज मला परका वाटला. विहीणबाईंनी म्हणून पाहिलं, चुकल्या. मी दुरुस्त केलं. पुन्हा चुकल्या. मग जमलं. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने ते त्याच्या परीने म्हटलं, मागच्या एकाने आणखी वेगळं म्हटलं, आणि फुज्यानमधल्या त्या खोलीत माझ्या नावावरून थोडी वादावादी झाली. मग पेन कागदावर टेकलं.

मग बाळाच्या कानात विहीणबाईंनी "दूर" शब्द असलेलं तिचं चिनी नाव सांगितलं. मुलगी, जावई, सगळे रडत होते, म्हणून मी बाहेरच्या खोलीत जाऊन उगाचच दुपट्यांच्या घड्या करू लागले. आतून पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, वाडग्यात डाव आपटला. जेवायची वेळ झाली होती. आणि विहीणबाईंनी मला हाक मारली, ॲपशिवाय, आईने ठेवलेल्या नावाने.

मी ओ दिली.